चौदा फोटो आणि एकटा 'उदास'

पत्र : "आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा 'पावसाळी नाशिक' या विषयावर सभासदांनी काढलेल्या फोटोंचे प्रदर्शन आहे. फोटोंखालच्या ओळी लिहायचे काम माझ्याकडे आले. चौदा ओळी लिहून झाल्यावर वाचायला घेतल्या, तर नऊ ओळींत 'उदास' हाच शब्द! सूनबाई म्हणते 'कुंद' लिहा. आमच्याकडे हे म्हणतात, कुंद हे फुलाचे नाव आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी सरसकट 'भकास' करा असे सुचवले. 'गोदावरीच्या प्रदूषणाबाबत नागरिक उदास' ही ओळ कानाला खटकते, पण का ते सांगता येत नाही. मुळात निर्जीव वस्तू उदास असू शकते का? ओळी सोबत पाठवत आहे. कृपया मार्गदर्शन करावे. – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक"

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. निर्जीव वस्तूला 'उदास' म्हणायला व्याकरणाची आडकाठी नाही. उदास खोली, उदास संध्याकाळ हे मराठीत चांगले रुळलेले आहे. पण 'उदास' हे मनाचे विशेषण आहे. ते आकाशाला किंवा भिंतीला लावले, की बघणाऱ्याच्या मनातले काहीतरी त्या वस्तूवर चढते. एखाद्या ओळीत ते छान दिसते. नऊ ओळींत दिसले, की लोक फोटो बघायचे सोडून 'ओळी लिहिणाऱ्या बाईंना बरं नाही का?' असे विचारू लागतात. म्हणून प्रत्येक फोटोसमोर बसून एवढेच ठरवा, की हे उदासपण नेमके कुठे आहे : हवेत, जागेत, माणसात, की नुसते तुमच्या बघण्यात? या चारही ठिकाणांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि एकाची जागा दुसऱ्याने घेतली, की ओळ लंगडते.

हवेपासून सुरुवात करतो, कारण तुमचे निम्मे फोटो आभाळाचेच आहेत.

'ऑगस्टमधले उदास आकाश आणि रामकुंड' या ओळीत सूनबाईंचा 'कुंद' योग्य आहे आणि यजमानांचेही चूक नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार तेवढा एक. फुलाचा 'कुंद' संस्कृतातला, पांढऱ्याशुभ्र फुलांचा. सरस्वतीच्या 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' या श्लोकात सुरुवातीलाच तो भेटतो. हवेचा 'कुंद' फारसीतून आलेला. तिथे त्याचा अर्थ बोथट, मंद. हिंदीत धार गेलेल्या चाकूला आजही कुंद म्हणतात. मराठीने चाकू सोडून दिला आणि हा शब्द हवेला, उजेडाला, दिवसाला लावला. म्हणजे एक कुंद शुभ्र आणि दुसरा करडा. संदर्भ असला की गोंधळ होत नाही. 'कुंदकळ्यांसारखे दात' वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर ढग येत नाहीत.

पण ढग दिसले की 'कुंद' असेही नाही. ढग खाली उतरलेले हवेत, वारा पडलेला हवा, पाऊस धड पडत नसावा आणि धड थांबतही नसावा, उजेड दिवसभर एकाच पट्टीत अडकलेला असावा. सकाळचे दहा आणि दुपारचे चार यांत फरक कळत नाही, असा दिवस कुंद. वीज कडाडली, सरी कोसळल्या, वारा सुटला, की कुंदपण मोडले. तुमच्या तिसऱ्या फोटोत ब्रह्मगिरीवर ढग धावताना दिसतात आणि खालचे गवत एका बाजूला झुकलेले आहे. तिथे 'कुंद' लिहू नका. ती हवा मोकळी आहे, फोटोही मोकळा आहे. त्या ओळीतले विशेषण काढून टाका.

रामकुंडाच्या ओळीत मात्र एक खाच आहे. 'कुंद हवेतले रामकुंड' असे लिहिलेत, तर 'कुंद' आणि 'कुंड' शेजारी येतात आणि वाचणाऱ्याला वाटते छपाईची चूक झाली. अशा वेळी 'मळभ' उपयोगी पडतो : 'ऑगस्ट. रामकुंडावर दाटलेले मळभ.'

'मळभ' हे नाम आहे, नपुंसकलिंगी. ते येते, दाटते, धरते, हटते, सरते. 'मळभ वातावरण' असे अलीकडे वाचायला मिळते, ते चुकीचे. 'मळभाचे वातावरण' म्हणा किंवा सरळ 'मळभ आले आहे' म्हणा. सामान्यरूप मळभा- असे होते : मळभामुळे, मळभाखाली. मनावरचे मळभ, नात्यावरचे मळभ हे अर्थ चालतात, पण 'निराशेचे मळभ' वर्तमानपत्रांनी इतके वापरले आहे, की त्यातले आभाळ आता कोणाला दिसत नाही.

याच घरातले आणखी दोन शब्द. 'झाकोळणे' म्हणजे असलेला उजेड झाकला जाणे. त्यात बदल घडताना दिसतो. म्हणून 'पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढेपर्यंत आभाळ झाकोळले' हे बरोबर, पण चार दिवस तसेच असलेल्या आभाळाला झाकोळलेले म्हणण्यात मजा नाही. 'कोंदट' हा तर हवामानाचा शब्दच नव्हे. बंद खोली, न उघडलेले कपाट, एकाच दाराचे दुकान हे कोंदट. उघड्या घाटावर 'कोंदट वातावरण' लिहिले आहे तुम्ही, तिथे 'दमट' हवे होते. कोंदट आणि कुंद यांची सरमिसळ पुष्कळ जण करतात. हवा अडकलेली असेल तर कोंदट, उजेड अडकलेला असेल तर कुंद, एवढे लक्षात ठेवले तर काम भागते.

आता दिंडोरीच्या द्राक्षबागेचा फोटो. 'बागेवर उदास हवामान' ही ओळ शेतकऱ्याने वाचली तर हसेल. त्याच्यासाठी ढग ही मनःस्थिती नाही, तो फवारणीचा हिशेब आहे. ढगाळ, दमट हवेत पानांवर ओल राहते आणि डाऊनी हा रोग येतो. म्हणून तो 'आभाळ आलंय' किंवा 'वातावरण खराब आहे' म्हणतो आणि हवामान खाते 'अंशतः ढगाळ' म्हणते. 'ढगाळ' हा मोजमापाचा शब्द आहे, 'कुंद' हा अनुभवाचा. बागेच्या फोटोखाली 'ढगाळ' हवे. उलट, 'नाशकातली एक ढगाळ सकाळ' असे काव्यात्म ओळीत लिहिलेत, तर ते बुलेटिनसारखे वाटेल.

जागांकडे वळू. इथे समितीतल्या गृहस्थांचा 'भकास' येतो. शब्द अस्सल आहे, पण सरसकट वापरायचा नाही. 'भकास'मध्ये पोकळी लागते. जिथे काहीतरी असायला हवे होते आणि नाही, जिथे नजर टेकायला काही सापडत नाही, ते भकास. भकास माळ, भकास डोळे, सामान हलवल्यानंतरची भकास खोली. गंमत म्हणजे भकासला अंधार लागत नाही. भर एप्रिलच्या रखरखीत उन्हातली दुपार भकास असू शकते. कुंद मात्र उन्हात कधीच असू शकत नाही. आभाळाच्या फोटोला 'भकास' का चालत नाही, ते यावरून कळेल : तुमच्या पावसाळी आभाळात पोकळी नाही, उलट गर्दी आहे.

'जुन्या नाशकातला उदास वाडा' या फोटोला 'भकास वाडा' केले, तर तेही बिघडेल. फोटो नीट बघा. सज्जाच्या दोन फळ्या निखळल्या आहेत, भिंतीच्या सांध्यातून पिंपळ फुटला आहे, पण ओट्यावर लहान मुलाची सायकल आहे आणि दोरीवर धुणे वाळत आहे. राहता वाडा आहे तो. भकास कसा म्हणणार? 'ओसाड', 'उजाड', 'निर्जन' हेही बाद. राहत्या, पण खंगलेल्या घरासाठी मराठीत 'रया गेलेला', 'अवकळा आलेला' हे शब्द आहेत. दोन्हींत पूर्वीचे बरे दिवस गृहीत आहेत आणि वाड्याला ते शोभते. मला विचाराल तर ओळ अशी करा : 'रया गेलेला वाडा. दोरीवरचे कपडे आजचे.' ज्यांचा वाडा आहे त्यांनी प्रदर्शनात येऊन हे वाचले तरी त्यांना लागणार नाही. 'भकास' वाचून मात्र लागेल. लोक राहतात त्या घराला भकास म्हणणे हा जवळजवळ अपशब्द आहे.

भकासचे सख्खे-चुलत शब्दही एकमेकांच्या जागी टाकू नयेत. 'ओसाड' म्हणजे वस्ती नसलेले. 'ओसाड गावची पाटीलकी' म्हणतात ते यावरूनच. 'उजाड' म्हणजे वस्ती किंवा झाडोरा होता, तो गेला. 'निर्जन' म्हणजे या घटकेला माणूस नाही. त्यात दुःख नाही, ती फक्त माहिती आहे. पहाटे साडेचारचा गोदाघाट निर्जन असतो, तासाभराने नसतो. त्याला ओसाड म्हणणे हास्यास्पद. आणि 'ओकाबोका' हा तर फारच चांगला शब्द आहे, हल्ली कमी दिसतो : ज्याच्यावर काही होते आणि ते काढून घेतले, ते ओकेबोके. दागिने उतरवलेला गळा, झेंडे काढलेला मंडप. २०१५च्या सिंहस्थानंतर तपोवनातल्या साधुग्रामाचे तंबू उतरवले गेले, त्या मैदानाचा जुना फोटो तुम्ही घेतला आहे. तिथे 'उदास साधुग्राम'ऐवजी 'ओकेबोके साधुग्राम' लिहा. तो शब्द त्या फोटोसाठीच थांबलेला दिसतो. हा विकारी आहे, म्हणजे लिंगानुसार बदलतो : ओकाबोका गळा, ओकीबोकी भिंत, ओकेबोके मैदान. भकास, कुंद, उदास, ओसाड, उजाड हे मात्र बदलत नाहीत. 'भकासी खोली' होत नाही.

साधुग्रामावरून आठवले, म्हणून तुमची खटकणारी ओळ इथेच घेतो : 'प्रदूषणाबाबत नागरिक उदास'.

तिथे 'उदासीन' हवे. संस्कृतात 'उदासीन' म्हणजे बाजूला बसलेला. कोणाचाच पक्ष न घेणारा, न गुंतलेला. दुःखाशी त्याचा मूळ संबंध नाही. म्हणूनच शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जे आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, त्या द्रावणाला उदासीन म्हणतात. ते द्रावण काही खिन्न नसते. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शैव आखाड्यांबरोबर स्नानाला येणारे बडा उदासीन आणि नया उदासीन हे आखाडेही याच अर्थाने उदासीन, म्हणजे संसारापासून अलिप्त. त्यांची परंपरा गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्याकडे जाते. प्रदर्शनात त्यांचा फोटो असला तर 'उदास साधू' असे चुकूनही लिहू नका.

जुन्या मराठीत 'उदास'चाही हाच अर्थ होता. तुकोबांचे 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' पाठ असलेली अनेक मंडळी त्याचा अर्थ 'रडत रडत खर्च करावा' असा लावून मोकळी होतात. तिथे उदास म्हणजे अनासक्त : पैसा चांगल्या मार्गाने मिळवावा आणि त्यात जीव न गुंतवता तो खर्च करावा. पुढे या शब्दाची अलिप्तता मागे पडली आणि खिन्नता पुढे आली. कशातच मन नसलेला माणूस बाहेरून दुःखी दिसतो, तेव्हा हा प्रवास समजण्यासारखा आहे. आज दोघांनी कामे वाटून घेतली आहेत : दुःख 'उदास'कडे, बेपर्वाई 'उदासीन'कडे. 'नागरिक उदास' म्हटले, की नदीची अवस्था बघून त्यांना वाईट वाटते आहे असा अर्थ निघतो. तुम्हाला म्हणायचे आहे अगदी उलट, म्हणजे त्यांना काही वाटतच नाही. बोलीत सांगायचे तर 'काही सोयरसुतक नाही'. म्हणून 'नागरिक उदासीन'. ओळ खटकत होती ती यामुळे.

नाम करतानाही जपा. उदासपासून 'उदासपणा' किंवा 'उदासी'. उदासीनपासून 'उदासीनता' किंवा 'औदासीन्य', यांपैकी एक. 'औदासीन्यता' म्हणजे एका कुलपाला दोन कड्या, आणि तो शब्द मोठमोठ्या भाषणांत ऐकू येतो.

माणसांचे फोटो तीनच आहेत, पण तिथे चूक महाग पडते. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेले कुटुंब पाठमोरे बसले आहे आणि खाली 'उदास कुटुंब'. शोकापुढे 'उदास' फार हलका शब्द आहे. पाऊस लांबला तरी माणूस उदास होतो. मृत्यूच्या संदर्भात 'शोकाकुल' हा रूढ शब्द आहे, पण तो श्रद्धांजलीच्या फलकांवरून इतका ओळखीचा झाला आहे, की प्रदर्शनात तो जाहिरातीसारखा वाटेल. 'सुतकी' तर मुळीच नको. 'सुतकी चेहरा' आपण टोमणा म्हणून वापरतो, ज्याच्या घरी काही घडलेले नाही आणि तरी तोंड पाडून बसला आहे त्याच्यासाठी. खरोखर सुतक असलेल्या घराला तो शब्द लावणे क्रूर आहे. इथे विशेषणच नको : 'अस्थिविसर्जनानंतर, रामकुंड.' पुरे. आणि चेहरे ओळखू येत असतील, तर फोटोच लावू नका.

छत्रीखाली एकटे बसलेले फुलवाले आजोबा : इथे 'उदास' ठेवायला हरकत नाही, एकदाच. पण त्यांच्या मनात काय आहे हे आपल्याला माहीत नाही. आपल्याला फक्त दिसणे माहीत आहे. दिसण्यासाठी मराठीत '-वाणा' हा प्रत्यय आहे : दीनवाणा, केविलवाणा, ओशाळवाणा, उदासवाणा. 'उदास' म्हणजे आतून तसा, 'उदासवाणा' म्हणजे तसा भासणारा किंवा बघणाऱ्याला तसे करणारा. म्हणून वस्तू आणि वेळ यांना उदासवाणा अधिक शोभतो : उदासवाणी संध्याकाळ, उदासवाणे दिवे. हा बदलतो, हे विसरू नका. 'उदासवाण्या संध्याकाळी' होते, 'उदासवाणा संध्याकाळी' नाही. घाटावरच्या दिव्यांच्या फोटोला तो वापरा. आजोबांना मात्र नको. 'उदासवाणे आजोबा' म्हटले, की दयेचा सूर लागतो आणि ते बिचारे कदाचित गिऱ्हाईक नसल्याने नुसते कंटाळले असतील.

'खिन्न', 'विषण्ण', 'उद्विग्न' हे तीन शब्द तुम्ही ओळींच्या कडेला पर्याय म्हणून लिहिले आहेत. तिन्ही माणसाच्या मनाचे आहेत, जागेला आणि हवेला लागत नाहीत. 'खिन्न' शांत असतो आणि त्याचे कारण बहुधा ठाऊक असते. निकाल मनासारखा लागला नाही, मन खिन्न झाले. 'विषण्ण' जड असतो, काहीतरी गमावल्यावर किंवा भयंकर काही पाहिल्यावरचा. 'विषण्ण शांतता' एवढा एक अपवाद रुळला आहे. 'उद्विग्न'मध्ये अस्वस्थता आहे. उद्विग्न माणूस कोपऱ्यात बसत नाही, येरझाऱ्या घालतो, आवाज चढवतो. शंका आली तर 'मला … वाटते' या रिकाम्या जागेत शब्द घालून बघा. उदास, खिन्न, विषण्ण, उद्विग्न तिथे बसतात. 'मला कुंद वाटते' बसत नाही. 'भकास वाटते' बसते, पण तेव्हा आपण स्वतःबद्दल नाही, भोवतालाबद्दल बोलत असतो.

समितीत कोणीतरी 'नैराश्यग्रस्त' सुचवले आहे, त्याला स्पष्ट नकार द्या. ते आजाराचे नाव आहे. निदान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ लक्षणे टिकली तरच डॉक्टर त्याचा विचार करतात. एका क्लिकमध्ये टिपलेल्या चेहऱ्यावरून ते कोणालाही ठरवता येत नाही.

आता पुराचा फोटो. 'दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलेला उदास पूर' यात 'उदास' कुठून आला, हे कळले नाही. पूर भयाण असतो, रौद्र असतो, गढूळ असतो. शिवाय नाशिककराला विशेषणाची गरजच नाही. पाणी गोदापात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले, यावरूनच तो पूर मोजतो. 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला' एवढ्याने त्याला सगळे समजते.

नऊपैकी 'उदास' कुठे उरला ते सांगतो : फुलवाल्या आजोबांच्या ओळीत एक, आणि दिव्यांच्या ओळीत 'उदासवाणे' म्हणून अर्धा. 'कातरवेळ', 'हुरहूर', 'घर खायला उठते' हे शब्द तुम्ही कुठे वापरले नाहीत, ते बरे केले. 'घर खायला उठते' हे त्या घरात राहणाऱ्यानेच म्हणायचे असते, बाहेरून आलेल्या फोटोग्राफरने नव्हे. 'कातरवेळ' मात्र एखाद्या तिन्हीसांजेच्या फोटोला शोभला असता. पुढच्या वर्षी बघा.

फलक छापायला देताना एक काळजी घ्या. फ्लेक्सवाले अनेकदा मजकूर जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतात किंवा रूपांतर करून घेतात आणि त्यात जोडाक्षरे फुटतात. 'ण्ण'चा 'ण्‍ण' होऊन पाय मोडलेला दिसतो, 'द्ग्र', 'द्व' सुटे होतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. तुमच्या ओळींत 'विसर्जनानंतर' आहे, 'निर्जन' आहे, 'अस्थि' आहे. मजकूर पीडीएफ करून द्या, 'यावरूनच छापा, पुन्हा टाइप करू नका' असे सांगा आणि पहिला फलक छापून आल्यावर तो वाचल्याशिवाय बाकीचे तेरा छापू देऊ नका.